चार बोटं पाणी

१

आईशपथ खरं आहे. म्हणजे आईशपथ राहू दे, ती बिचारी यात कुठेच नाही, उगाच तिला कशाला गुंतवा? माझी शपथ घ्या. आता माझ्या शपथेला आमच्या गल्लीत कुत्रंही विचारत नाही, हे आधीच सांगून टाकतो. काही गोष्टी मी तिखटमीठ लावून सांगेन, काही विसरेन. पण पाटी खरी आहे. पाटी मी स्वतः केली होती.

बसा ना, पायरी कोरडी आहे. तुमचे मित्र पुलावर फोटो काढताहेत, काढू दे. पंधरा मिनिटांचं काम आहे.

माझा धंदा पाट्यांचा. दुकानांच्या पाट्या, दारावरच्या पाट्या, 'येथे थुंकू नये'. ॲक्रिलिक कापायचं, अक्षरं कटरवर काढायची, चिकटवायची, भोकं पाडायची. आणि आमची चौघांची एक सवय होती. कुठल्याही जुन्या शहरात फिरायला गेलो की मी घरून एक खोटी पाटी करून न्यायची आणि एखाद्या भिंतीवर हळूच लावायची. मग समोर बाकावर बसून बघायचं. लोक थांबतात, टोपी काढून वाचतात, पोरांना समजावून सांगतात. एकदा एका साध्या गटारावर मी 'राणीचे स्नानगृह' लावलं होतं. एका आजोबांनी डोळे पुसले. देवाशप्पथ.

आमच्यातला एक म्हणजे मास्तर, शाळेत गणित शिकवतो आणि सहलीतही हजेरी घेतो. एक सिस्टर, म्हणजे खरंच हॉस्पिटलात नर्स आहे, आणि कुणालाही इंजेक्शन देईन अशी नजर आहे. आणि एक ढापण्या. ढापण्या माझा मावसभाऊ. चष्म्याचा नंबर एवढा की चष्मा काढला तर स्वतःच्या पायांना 'कोण आहे?' विचारेल. पोहता येत नाही. बादलीभर पाण्याला घाबरतो. निघताना मावशीने माझा कान धरून सांगितलं होतं, "नदीचं गाव आहे. तुझ्या भरवशावर सोडतेय. त्याला जसा नेतोयस तसा परत आण." मावशीचे यजमान स्वतः गाडीपर्यंत सोडायला आले होते. पुढे बसा म्हणाले, मागे हाडं खिळखिळी होतात.

हे मावसोबांचं लक्षात ठेवा. मी त्यांना त्या दिवशी बघितलंय. पुढची सीट त्यांनीच रुमाल टाकून धरली होती.

तर त्या खेपेची पाटी मी ढापण्यावर केली. गंमत म्हणून. मजकूर असा होता:

'पाणी मोजणाऱ्याची खोली. येथे रोज सायंकाळी पाणी मोजून आकडा मोठ्याने सांगितला जाई. हे काम एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालले. थोरल्या मुलाने नकार दिल्याची नोंद नाही. शेवटचा मोजणारा चष्मा लावत असे व त्यास पोहता येत नसे.'

शेवटच्या वाक्यावर मी दुकानात एकटाच पाच मिनिटं हसलो.

२

तिकडे खाली, पुलाच्या पहिल्या कमानीखाली ते बुटकं लोखंडी जाळीचं दार दिसतंय? तिथे लावली. पहिल्या दिवशी, सकाळी दहाला, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या टेपने. स्क्रू एकही नाही, नुसत्या स्क्रूच्या टोप्या चिकटवलेल्या. कापताना डावा खालचा कोपरा तडकला होता. तो मी गोंदाने सांधला, आणि गोंद ओला असतानाच माझा अंगठा लागला. ठसा तसाच राहिला. म्हटलं, राहू दे, कलाकाराची सही.

ढापण्याने वाचलं. चष्मा वर केला, खाली केला.

"हे माझ्यावर आहे?"

"छे! हे ऐतिहासिक आहे."

"थोरल्या मुलाने नकार दिल्याची नोंद नाही," त्याने परत वाचलं. "साल्या, मी एकुलता एक आहे."

"म्हणून तर थोरला."

तो हसला. पाटीशेजारी छाती काढून उभा राहिला, मास्तरने फोटो काढला. सिस्टर हसली नाही.

"काढ ते," ती म्हणाली. "असलं लिहू नये माणसाबद्दल."

"संध्याकाळी काढतो."

"आत्ता काढ."

"सिस्टर, वॉर्डात नाहीयेस तू. संध्याकाळी काढतो म्हटलं ना!"

दिवसभर फिरलो. मनोरा चढलो, घड्याळाचा चौक बघितला, पाय तुटेपर्यंत चाललो. संध्याकाळी परत खाली यायचा सगळ्यांना कंटाळा आला. मलाही. म्हटलं, एक रात्र राहिली पाटी तर कुठे आभाळ कोसळतंय?

लॉजवर एका खोलीत चार खाटा. ढापण्या खिडकीशी उभा. नदी तिथून दिसत नाही, समोर नुसती भिंत. पाच चाळीस झाले होते, कारण मास्तर घड्याळाला किल्ली देत होता. ढापण्या त्या भिंतीकडे बघत मोठ्याने म्हणाला, "चार बोटं."

"काय?" मी म्हटलं.

"काय काय?"

"चार बोटं काय?"

"मी कुठे काय बोललो?" तो खाटेवर बसला आणि मोजे काढायला लागला. मोजे ओले होते. पिळले तर पाणी निघालं. घोट्यापर्यंत, बरोब्बर चार बोटं. बूट मात्र कोरडे.

"घाम," मास्तर म्हणाला.

सिस्टर माझ्याकडे बघत होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी काढायला आलो. बाकीचे मागून येत होते. दारापाशी पंधरावीस लोक उभे होते आणि छत्री उंच धरलेल्या एक गाइडबाई त्यांना सांगत होत्या. आवाज खणखणीत, वीस वर्षं तेच बोलत असल्यासारखा.

"...आणि थोरल्या मुलाने कधी नकार दिला नाही. शेवटचे मोजणारे चष्मा लावायचे. पोहता यायचं नाही बिचाऱ्यांना. चला, पुढे चला, पायरी निसरडी आहे."

मी खूश. खोटं कशाला बोलू? धंद्यात याहून मोठं सर्टिफिकेट नाही. गर्दी हलली आणि मी पाटीला हात घातला.

दगड होता.

भिंतीतच बसवलेला, काळा, कडा झिजलेल्या. अक्षरं कोरलेली, वळण माझ्या कटरचंच. चार कोपऱ्यांत गंजलेले चार जाड खिळे. आणि डावा खालचा कोपरा तडकलेला. तडीवर एक खळगा होता. मी त्यात अंगठा ठेवला. फिट्ट बसला.

आता तुम्ही म्हणाल, तिथून पळायला हवं होतं. पण माझ्या जागी येऊन बघा. ज्याने आयुष्यभर लोकांना उल्लू बनवलं त्याच्या डोक्यात पहिला विचार काय येईल? माझ्यावर डाव टाकलाय. तिघांनी मिळून. ढापण्याने मोजे नळाखाली धरले, मास्तरने दगड घडवून घेतला, बाईंना पटवलं. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

"मान गये! ठसा कसा काढलात पण?"

तिघं एव्हाना दारापाशी पोचले होते.

"कसला ठसा?" ढापण्या म्हणाला.

"वा. चेहरा तर बघा याचा!"

"अरे, तुझी पाटी तू कधी काढलीस?" मास्तरने विचारलं. "आम्ही तर ही इथली जुनी, खरीच समजून चाललोय."

सिस्टर जाळीजवळ गेली होती. आतून गार वारा येत होता, ओलं फडकं तोंडावरून फिरवल्यासारखा. ती पटकन मागे सरली. मला हळू आवाजात म्हणाली, "हे तू केलं असशील तर आता सांग. मी चिडणार नाही."

"तुम्ही केलंत."

"मी नाही केलं," ती म्हणाली. आणि ती खोटं बोलताना नाक खाजवते, ते तिने खाजवलं नाही. हे मी बघितलं होतं. बघूनही मानलं नाही.

४

दुपारी म्युझियमला गेलो. नदीकाठची जुनी जकातकचेरी, आता तिकीट लावून दाखवतात. लांबलचक खोल्या, फरशी कुरकुरणारी, खुर्चीवर डुलक्या घेणारा पहारेकरी. शेवटच्या खोलीत काचेच्या पेटीत एक चष्मा होता. खाली चिठ्ठी: 'शेवटच्या मोजणाऱ्याचा.'

काड्या गंजलेल्या, एका काचेवर शेवाळ. उजवी काडी मोडलेली आणि निळ्या टेपने गुंडाळलेली.

ढापण्याची उजवी काडी गेल्या महिन्यात मोडली होती. मीच माझ्या दुकानातल्या निळ्या विनाइल टेपने गुंडाळून दिली होती. तीन वेढे आणि शेवटी तिरका काप. पेटीतल्या चष्म्यालाही तीन वेढे आणि शेवटी तिरका काप.

मी वळलो. ढापण्या शेजारीच उभा होता, नाकावर चष्मा, निळी टेप जागच्या जागी.

त्याने बराच वेळ पेटीत बघितलं. मग माझ्या खांद्यावर चापट मारली. "भारी केलंस रे. हे कधी ठेवलंस आत?"

तो समजत होता मी केलंय आणि मी समजत होतो त्याने केलंय. आणि दोघंही पठ्ठे पक्के. आधी कबूल करेल तो हरला, हा आमचा लहानपणापासूनचा नियम. मी नुसती भुवई उडवली. त्यानेही उडवली.

बाहेर आलो तेव्हा पाच पस्तीस. ढापण्या पायऱ्यांशी थांबला.

"मी जरा खाली जाऊन येतो," तो म्हणाला.

"कशाला?"

"असंच." त्याचा आवाज जरा कोरडा झाला होता. "येतोस?"

तेच. तेवढंच. 'येतोस?' विचारलं त्याने. आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? मी म्हणालो, "मी नाही फसणार. जा, नाटक पूर्ण कर."

तो एक पायरी उतरला, थांबला, चष्मा शर्टाला पुसला आणि गेला. पुढे काही झालं असेल ते असेल, ते माझं नाही. ही दोन वाक्यं मात्र माझी आहेत. ती कुठल्या पाटीवर नाहीत.

५

सहा वाजले. साडेसहा वाजले. मी म्हटलं, "बास आता. बोलवा त्याला."

"कुणाला?" मास्तर म्हणाला.

"ढापण्याला."

"अरे, तो कामावर आहे ना," मास्तर म्हणाला. अगदी साध्या आवाजात, जसं कुणी म्हणेल की दूध फ्रिजमध्ये आहे. "त्यालाच तर भेटायला आलो आपण. भेटलो. आता त्याची नोकरी तो करणार, का आपल्याबरोबर हिंडणार?" आणि बोट फिरवून हजेरी घेतली. "एक, दोन, तीन. सगळे आहेत. चला."

मी हसलो. मग थांबलो. मग लॉजवर पळालो. खोलीत तीन खाटा. चौथ्या खाटेच्या जागी टेबल, आणि टेबलावर धूळ. मी बोटाने पुसून बघितली. धूळ खरी होती. एवढा डाव कोण टाकतं?

मावशीला फोन लावला.

"मावशी, तो... मी त्याला..."

"भेटला का रे? बारीक झालाय का?"

"मावशी, तो खाली गेलाय, पाण्यात! त्याला पोहता येत नाही!"

"या घराण्यात कुणाला येतं?" मावशीने उसासा टाकला. "थोरला असला की जायचंच. ह्यांनी तरी कुठे नाही म्हटलं?"

"मावसोबा? मावसोबा कुठायत? त्यांनी परवा आम्हाला गाडीत बसवलं!"

"असं बोलू नये रे," ती म्हणाली. "ते गेले तेव्हा तू तर पाळण्यात होतास."

मी पायऱ्या कशा उतरलो आठवत नाही. जाळीला तोंड लावून ओरडलो. "ए! हरलो मी! ऐकलंस? कबूल! तू जिंकलास! बाहेर ये!" आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. माझाच आवाज आतून फिरून परत आला.

आत पायऱ्या होत्या, खाली पाण्यात जाणाऱ्या. अंधुक उजेड कुठून येत होता कळलं नाही. सात-आठ पायऱ्यांखाली ढापण्याची पाठ दिसली. शर्ट तोच. पाणी कमरेपर्यंत. डावा हात भिंतीवर टेकलेला, पाण्याच्या बरोब्बर रेषेवर, जशी खूण धरतात तसा. बाहेर नदी तेव्हा एवढीशी होती, कमानीचा पायाही ओला नव्हता.

"दोन हात," तो म्हणाला. मोठ्याने. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, तसे दोन.

मग मला कळलं की तो नदी मोजत नव्हता. स्वतःवर किती चढलंय ते सांगत होता.

त्याच्या पुढे, आणखी खालच्या पायऱ्यांवर, भिंतीला टेकलेले अजून हात होते. नुसते हात. बाकीचं पाण्याखाली. सगळ्यात वरच्या हातात एक रुमाल होता.

मी आणखी बघितलं नाही.

६

ढापण्याची उंची पावणेचार हात. हिशेब करा.

मी केला. दगडावर छिन्नी घातली, छिन्नी वाकली. मास्तर आणि सिस्टर मला ओढत होते, लोक बघत होते. सिस्टर म्हणाली, "तुला ताप आहे." मी कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. पण म्हणताना तिने याही वेळी नाक खाजवलं नाही. ते दोघं दुसऱ्या दिवशी गेले. मी राहिलो.

मग डोकं चाललं. लिहिल्याने झालं, तर लिहिल्यानेच फिरेल. या शहरात पाट्यांचं एकच दुकान आहे, मागच्या गल्लीत. तिथल्या काकांना म्हटलं, धंद्यातला माणूस आहे, तासभर कटर द्या. त्यांनी माझी बोटं बघितली, गोंदाने कडक झालेली, आणि स्टूल सरकवलं.

"काय काढायचंय?"

"मोजणारा सुखरूप घरी परतला."

"असं कुठे असतं?" काका म्हणाले. "मग मोजेल कोण?"

तरी काढली, तरी लावली. संध्याकाळी आतून आवाज आला, "तीन हात." सकाळी माझी पाटी खाली होती. पडलेली नव्हती. पुसून, भिंतीला टेकवून, नीट ठेवलेली. चुकीचा अर्ज परत करतात तशी.

म्हणजे जागा रिकामी चालणार नव्हती. म्हणजे कुणाचं तरी नाव हवं.

मी कटरवर बसलो. माझं नाव घालायला. आता तुम्हाला खोटं सांगितलं तरी कळणार नाही, पण सांगतो. चार तास बसलो. काकांनी दोनदा चहा दिला. तीन अक्षरी नाव, दोन मिनिटांचं काम. मी स्वतःला म्हणालो, मला पोहता येतं, मी चालणार नाही. मी थोरला नाही, धाकटा आहे. मी म्हणालो, माझी आई आहे. मावशीला कोण आहे, हे मी म्हणालो नाही.

पाच वाजता दुसरंच काहीतरी लिहिलं. लिहिलं आणि पळत जाऊन लावलं. 'तीन हात, सहा बोटं,' असा आवाज आला. म्हणजे हनुवटी. आणि पाणी तिथेच थांबलं.

सकाळी ती पाटी दगडाची झाली होती.

७

तेव्हापासून मी इथेच आहे. सकाळी काकांच्या दुकानात, दुपारनंतर या पायरीवर. मावशीचा दर रविवारी फोन येतो. "जेवतो का रे तो?" मी म्हणतो, जेवतो.

रोज एक माणूस गाठतो. फिरायला आलेला, मोकळा वेळ असलेला, गोष्टीला नाही न म्हणणारा. माणूस मिळाला तर त्या दिवशी पाणी चढत नाही. मागच्या आठवड्यात मी खरोखर तापाने पडलो. दोन दिवस कुणाला गाठता आलं नाही. दोन बोटं चढली. आता पाणी त्याच्या ओठांवर आहे. आकडा म्हणायला तोंड उघडलं की बुडबुडे येतात. अजून एक जरी दिवस चुकला...

नाही नाही, पाकीट ठेवा. पैसे नकोत. तुमची चूक नाही, गाइड समजून सगळेच पाकीट काढतात.

दुसरी पाटी तुम्ही येताना वाचली नसेल, जरा कोपऱ्यात आहे. त्यावर एवढंच आहे: 'ही हकीकत शेवटपर्यंत ऐकणाऱ्याने मोजणाऱ्यास एक संध्याकाळ द्यावी.' बस. एकच संध्याकाळ. असं मी सगळ्यांना सांगतो, आणि आजवर कुणी तक्रार घेऊन परत आलेलं नाही.

आणि हे सगळं थाप असेल तर तुमचं काय जातंय? मला तर ती थापच असायला हवीय. मी रोज वाट बघतो, कुणीतरी पुलावरून टाळ्या वाजवत खाली येईल, म्हणेल, फसलास रे. मी त्याचे पाय धरेन.

मित्रांकडे काय बघताय? हाक मारताहेत का तुम्हाला? नाही ना? मोजताहेत वाटतं. एक, दोन, तीन. झाले त्यांचे मोजून.

पाच अडतीस. बूट काढू नका, बूट कोरडेच राहतात. मोज्यांचं तेवढं वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या दिवशी फार नसतं. आकडा आपोआप तोंडात येईल, तुम्ही फक्त अडवू नका. त्याला आता म्हणता येत नाही, तुम्हालाच म्हणायचंय.

गार लागलं ना घोट्यापाशी?

हं. चला, आकडा द्या. मोठ्याने.